'सुपरॲन्युएशन'मधले 'सुपर' नेमके काय आहे?

शब्दवेडी:
यजमानांच्या पगारपत्रकात भविष्य निर्वाह निधीखेरीज 'सुपरॲन्युएशन' नावाचाही एक रकाना असतो. निवृत्तीनंतर त्या निधीतून ॲन्युइटी, म्हणजे जुन्या शब्दांत वर्षासन, सुरू होते. त्यावरून 'सुपर' अधिक 'ॲन्युइटी', अर्थात नेहमीच्या निवृत्तिवेतनावरची जादा रक्कम, अशी फोड करता येईल का?

लॅटिनप्रेमी:
फोड बरोबर नाही, मात्र दोन्ही शब्द एकाच कुळातले आहेत. दोहोंच्या मुळाशी लॅटिन 'आन्नुस', म्हणजे वर्ष, आहे. फरक इतकाच की ॲन्युइटीतले वर्ष पैसे मिळण्याचे, तर येथले वयाचे. 'सुपर' म्हणजे वर किंवा पलीकडे, आणि आपले 'उपरि' हे त्याचे सख्खे भावंड. मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'सुपरआन्नातुस' हे विशेषण वर्षाहून मोठ्या गुरांना, म्हणजे दुसरे वर्ष लागलेल्या गोऱ्ह्या-कालवडींना, लावत असत. पुढे, बहुधा 'ॲन्युअल'सारख्या शब्दांच्या प्रभावाने, त्याचे रूप बदलले आणि सतराव्या शतकातल्या इंग्रजीत 'सुपरॲन्युएटेड' म्हणजे जुनाट, कालबाह्य असा अर्थ रुळला. निरोप समारंभात कोणी हे सांगत नाही, ते बरेच आहे.

शब्दवेडी:
मग यात पैसा आला कोठून?

निवृत्त लेखापाल:
ब्रिटिश सनदी नोकरशाहीतून. वय झाल्यामुळे निवृत्त होणाऱ्या नोकराला मिळे तो 'सुपरॲन्युएशन अलाउन्स'. कालांतराने 'अलाउन्स' गळला आणि उरलेला शब्दच रकमेचा वाचक झाला. १८५९ च्या कायद्याने सेवेच्या प्रत्येक वर्षामागे वार्षिक पगाराचा साठावा हिस्सा, कमाल चाळीस साठांश, असे प्रमाण ठरवले होते. ऑस्ट्रेलियात १९९२ पासून मालकांवर नोकरांच्या निवृत्तिनिधीत वर्गणी भरण्याची व्यापक सक्ती आली, आणि तेथे बोलण्यात नुसते 'सुपर' उरले. मूळ शब्दातले वर्षच त्यातून गेले!

मंत्रालयीन:
हिंदीतील 'अधिवर्षिता' ही लॅटिनची सरळ नक्कल आहे. आपल्या शासन निर्णयांत मात्र 'नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त' असे लिहितात, आणि मला तेच अधिक नेमके वाटते. स्वेच्छानिवृत्तीपासूनचा भेद त्यात लगेच कळतो. सरकारी कागदावर 'सुपरॲन्युएशन' हा शब्द निवृत्त होण्याच्या घटनेचा आहे, कंपनीच्या पगारपत्रकात निधीचा. यजमानांच्या रकान्यात बहुधा कंपनीची वर्गणी दाखवलेली असेल, तेव्हा निवृत्तीच्या वेळी किती रक्कम एकरकमी घेता येईल, हे निधीच्या नियमांत पाहून घ्यावे.