"खरा फौजी रस्त्यावर झोपत नाही" म्हणणाऱ्यांसाठी

बाजारकरीण
काल इथे एकांनी म्हापशाच्या बसस्टँडवर झोपलेल्या म्हाताऱ्याचा फोटो टाकला. अंगात जुना हिरवा स्वेटर. खाली शेरा: "म्हणे मिलिटरीत होतो. खऱ्या फौजीला पेन्शन असते, कॅन्टीन असतं, हॉस्पिटल असतं. हा तोतया, नाहीतर बेवडा." त्यावर अंगठ्यांची रांग. रात्रभर डोकं भणभणत होतं, म्हणून लिहिते.

माझं दुकान तिथून हाकेच्या अंतरावर आहे. काका रोज सकाळी माझ्याकडून पाण्याची बाटली भरून नेतात. चंदगडकडचे. १९७६ ते ८५ मराठा लाइट इन्फंट्रीत. म्हणजे ९ वर्षं, आणि जवानाला पेन्शन बसायला १५ लागतात. पेन्शन नाही म्हणून ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड नाही. संपलं तुमचं हॉस्पिटल. पुढे डिचोलीला खाणीच्या ट्रकवर होते, २०१२ ला खाणी बंद पडल्या. मग हॉटेलात वॉचमन, कोविडमध्ये तेही गेलं. बायको वारली, मूल नाही.

पेन्शन नसलेल्या, हवालदारापर्यंतच्या हुद्द्याच्या आणि ६५ ओलांडलेल्यांसाठी केंद्रीय सैनिक मंडळाचं अनुदान आहे. महिना ४ हजार होतं, १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८ हजार. मी स्वतः विचारायला गेले. एका खिडकीवर म्हणाले, मूळ जिल्ह्यातून या. दुसरीकडे म्हणाले, डिस्चार्ज बुक दाखवा. बुक ट्रंकेत होतं, ट्रंक भाड्याच्या खोलीत, आणि खोली पाडून तिथे आता तीन मजली इमारत आहे. दुसरी प्रत हवी तर हरवल्याची पोलिसात नोंद, प्रतिज्ञापत्र, मग बेळगावचं रेकॉर्ड ऑफिस. त्यांचं उत्तर येणार कुठल्या पत्त्यावर? बसस्टँड, तिसरं बाकडं?

आधी पाठ टेकायला जागा द्या, मग कागद मागा. एवढंच म्हणणं आहे.

सुभेदार_निवृत्त
ताई, भावना समजल्या. पण २८ वर्षं नोकरी केलेला माणूस म्हणून सांगतो, शिस्तीत राहिलेल्यावर ही वेळ येत नाही. ९ वर्षांत का आला ते विचारलंत? गैरवर्तनासाठी काढला असेल तर तो माजी सैनिक धरलाच जात नाही. सगळं डिस्चार्जच्या कारणावर असतं. आणि हिरवा स्वेटर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कोणालाही मिळतो.

बाजारकरीण
विचारलं. आई अंथरुणाला खिळली होती आणि दोन भाऊ मुंबईत. पुढे बोलत नाहीत. मीही जास्त खोदलं नाही, सुभेदारसाहेब. मी पाणी देते, कोर्ट मार्शल नाही करत.

न्यूजर्सीचा_आजोबा
मुलाकडे असतो. इथे बेघर माजी सैनिकाला सरकार घरभाड्याचं व्हाउचर देतं आणि त्यांच्या खात्याचा समाजसेवक मागे राहतो. आधी घर, मग दारू सोडवणं, मग नोकरी. २०१० साली ७४ हजार बेघर होते, २०२४ च्या मोजणीत ३३ हजारांच्या आत. आपल्याकडे कोणी मोजतं तरी का?

काजूगर
आजोबा, एवढे डॉलर ओतूनही ३३ हजार उरलेच ना? दर धाग्यात अमेरिका आणता, त्यापेक्षा आम्हाला चॉकलेटं आणा.

अस्सल_गोंयकार
मुद्द्याचं कोणी बोलत नाही. चंदगड कोल्हापूर जिल्ह्यात. मग कोल्हापूरने सांभाळावं. आमच्या तारवट्यांनी, बोटीवरच्या खलाशांनी, आयुष्य समुद्रावर काढलं, त्यांना महिन्याचे २५०० मिळवायला किती भांडावं लागलं माहीत आहे? प्रोव्हेदोरियाच्या सरकारी वृद्धाश्रमांत आधी आमचे म्हातारे. सगळे घाटी इथे येऊन पडणार आणि बिल गोव्याच्या नावावर.

आजऱ्याची_लेक
घाटी हा शब्द परत लिहून बघा. माझे वडील आजऱ्याचे. ३४ वर्षं पर्वरीत गवंडीकाम केलं. तुमच्या घरचा स्लॅब कोणी घातला होता, दादा? लिस्बनहून आले होते का माणसं?

अस्सल_गोंयकार
पैसे घेऊनच घातला ना? उपकार नाही केले. आणि भाटं, बागायती विकून आज आम्हीच उपरे झालो, त्यावर एक धागा काढा बघू कोणी.

काजूगर
भाटं विकली कोणी रे? घाट्याने सही केली काय तुझ्या आजोबाची? 😀

अस्सल_गोंयकार
माझ्या आजोबांवर जाऊ नको. सांगून ठेवतो.

डिचोलीकर
डिसेंबर १९६१ मध्ये जे जवान आत शिरले त्यांच्याकडे कुठे १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला होता? दोडामार्गच्या बाजूने फौज आली तेव्हा माझी आजी गूळपाणी घेऊन रस्त्यावर उभी होती. "कुठल्या गावचा रे" विचारून मगच गूळ दिला नाही तिने.

अस्सल_गोंयकार
टाळ्या. नाटकात काम करता का?

संपादक
घाटी, भैया, पाखलो यांतला एक जरी शब्द आणखी आला तर धाग्याला कुलूप. आजोबांना मध्ये आणू नये. सर्वांच्याच.

डिचोलीकर
रहिवासाचंच म्हणता तर, काका खाणी बंद व्हायच्या आधीपासून इथे आहेत. गोवा सरकारच्या दयानंद पेन्शन योजनेला १५ वर्षांचा रहिवास लागतो, तो तर कधीच झाला. महिन्याला २ हजार. ताई, तो अर्ज का नाही केला?

बाजारकरीण
कारण दाखल्यावर सही करायला कोणी तयार नाही. राहतात कुठे ते लिहा म्हणतात. पुन्हा तेच बाकडं.

काजूगर
सुभेदारसाहेब, तुमच्या कॅन्टीनच्या कोट्यातली एक रम द्या त्यांना. नाहीतरी गोव्यात बाहेरची दारूच स्वस्त, तुम्हाला त्या कार्डाचा काय उपयोग!

सुभेदार_निवृत्त
थट्टा पुरे. लिहिणार नव्हतो, लिहितो. आमच्याच पलटणीतला एक, माझ्यापेक्षा दोन वर्षं मोठा. पूर्ण पेन्शन. पोराने एटीएम कार्ड काढून घेतलं. मी गेलो तेव्हा सावंतवाडीजवळ देवळाच्या पडवीत झोपत होता. तेही दाढी करून, बूट उशाशी नीट लावून. मला म्हणाला, "साब, सुट्टीवर आलोय." हयातीचा दाखला देण्यापुरता पोरगा त्याला वर्षातून एकदा घरी न्यायचा. म्हणजे पेन्शन असूनही माणूस रस्त्यावर येतो, हे मला माहीत होतं. शिस्तीचं जे वर लिहिलं ते मागे घेत नाही, पण थोडं कमी समजा.

आजऱ्याची_लेक
त्यांच्यासाठी २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. वकील लागत नाही. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७. केस केली का?

सुभेदार_निवृत्त
नाही केली. म्हणाला, पोराचं नाव कागदावर नको. पुढच्या पावसाळ्यात गेला.

ताई, एक करा. त्यांना आर्मी नंबर विचारा. जवान बायकोचा वाढदिवस विसरेल, नंबर नाही विसरत. नंबर मिळाला की रेकॉर्ड ऑफिसला पत्र मी लिहितो, पत्ता माझ्या घरचा घाला.

अस्सल_गोंयकार
नंबर कोणीही पाठ करील.

सुभेदार_निवृत्त
करा की. शेवटचं अक्षर आकड्यांच्या गणितातून येतं. मनाने लावलेलं लगेच उघडं पडतं.

बाजारकरीण
आत्ताच विचारलं. बाटली खाली ठेवली, टाचा जुळवल्या आणि एका दमात सांगितला, अक्षरासकट. बिलाच्या पाठीवर लिहून घेतलाय. इथे टाकत नाही, तुम्हाला खासगी निरोप केला आहे.

सुभेदार_निवृत्त
बघितला. अक्षर जुळतंय.

अस्सल_गोंयकार
बरं, जुळतंय तर जुळतंय. दयानंदच्या दाखल्याला सही हवी ना? नगरसेवक माझ्या ओळखीचा आहे, सांगतो. पण राहायची जागा माझ्याकडे मागू नका. आणि तारवट्यांचं मी जे बोललो ते बरोबरच होतं.

बाजारकरीण
तुमची सही डोक्यावर. पत्राचं उत्तर येईल तेव्हा येईल. आज रात्रीचं बोला. चारपासून कोसळतोय आणि स्टँडवर पाणी चढतंय.

सुभेदार_निवृत्त
दुकानासमोर ओसरी आहे का? किती फूट? घडीची खाट घेऊन निघतोय.