जीएनएम झालेय म्हणून आरोग्य सेविकेला अपात्र! हायकोर्टात जाऊन काही होईल का?

पांढरा_ॲप्रन

नमस्कार. जिल्हा परिषदेच्या २०२३ च्या सरळसेवा भरतीत आरोग्य सेविका पदाला अर्ज केला होता. फी भरली, परीक्षा दिली, मेरिटमध्ये नाव आलं, घरच्यांनी पेढेही वाटले. कागदपत्र पडताळणीला गेले तर टेबलावरच्या मॅडमनी माझं जीएनएमचं (नर्सिंगच्या पदविकेचं) सर्टिफिकेट पुढून-मागून बघितलं आणि विचारलं, "एएनएमचं कुठंय?" म्हटलं, एएनएम (त्याच्या खालचा नर्सिंगचा कोर्स) केलंच नाही, थेट जीएनएम केलं, मुंबईच्या नर्सिंग कौन्सिलची आरएन-आरएम, म्हणजे परिचारिका आणि प्रसाविका म्हणून नोंदणी आहे. त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीने काहीतरी खरडलं. मग अपात्र यादी लागली. माझ्या नावापुढे "विहित शैक्षणिक अर्हता नाही".

लेबर रूमला काम केलंय हो मी. प्रसूती, टाके, बाळाची पहिली तपासणी, सगळं येतं. माझ्यापेक्षा कमी मार्कांच्या मुली रुजू होणार आणि मी जास्त शिकले म्हणून घरी? एका वकिलांना भेटले. ते म्हणाले, "उच्च अर्हता असलेल्याला डावलता येत नाही, केस पक्की." फी ऐकून मात्र पोटात गोळा आला. जिल्ह्याचं नाव मुद्दाम देत नाही. कुणाला यातलं माहीत असेल तर सांगा.

रोखठोक_७

ताई, डोळे झाकून जा कोर्टात. पदवीधर माणूस शिपाई होतो, मग जीएनएम सेविका का नाही होणार?

आस्थापना_टेबल

वरच्या भाऊंनी शिपायाचं उदाहरण नेमकं उलटं दिलंय. एका सरकारी बँकेने शिपायाच्या जाहिरातीत उमेदवार बारावी पास हवा, पदवीधर नको असं लिहिलं होतं. एकाने पदवी लपवून अर्ज केला. हायकोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला, पण २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. ताई, तुम्ही काही लपवलेलं नाही, त्यामुळे तो डाग तुमच्यावर नाही. पण "जास्त शिकलो म्हणून आपोआप पात्र" हे मनातून काढा.

मी जिल्हा परिषदेतून निवृत्त झालो. आरोग्यच्या आस्थापनेवर होतो, भरतीच्या फायली हातातून गेल्यात. आमच्याकडे अर्हता ठरते ती महाराष्ट्र जिल्हा परिषदा जिल्हा सेवा (सेवाप्रवेश) नियम, १९६७ वरून. जाहिरातीत सेविकेसाठी तिथलाच मजकूर येतो: अर्हताप्राप्त साह्यकारी प्रसाविका, आणि महाराष्ट्र किंवा विदर्भ परिचर्या परिषदेत नोंदणी झालेली किंवा अशा नोंदणीस पात्र. विदर्भ परिचर्या परिषद अजून त्यात आहे, यावरून मजकुराचं वय ओळखा! साह्यकारी प्रसाविका म्हणजे एएनएम. तुमची नोंदणी परिचारिका आणि प्रसाविका म्हणून, एएनएम केलेल्या मुलीची एएनएम म्हणून. रजिस्टर वेगळं. पडताळणीच्या मॅडमना हातातला नियम सोडून दुसरं काही करता येत नव्हतं. केलं असतं तर एखादी एएनएम कोर्टात गेली असती.

आता निकाल. तुमचे वकील बहुधा ज्योती के.के. विरुद्ध केरळ लोकसेवा आयोग दाखवतील, २०१० चा. पद वीज मंडळात सब इंजिनिअरचं, मागितला होता डिप्लोमा, उमेदवार बी.टेक. ते जिंकले. पण का जिंकले ते वाचा. खालची अर्हता ज्यात गृहीत धरता येईल अशी उच्च अर्हता चालेल, हे केरळच्या सेवा नियमातच लिहिलं होतं. पुढे जम्मू-काश्मीरच्या जहूर अहमद राथेर प्रकरणात डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक दाखवला. तिथे पद टेक्निशियनचं, हवा होता आयटीआय, उमेदवार डिप्लोमावाले. तिथल्या नियमात केरळसारखी तरतूद नव्हती. हरले. वकिलांना एकच विचारा, १९६७ च्या नियमांत केरळसारखी तरतूद कुठल्या पानावर आहे?

आरोग्याच्या पदांतही हेच चाललंय. औषध निरीक्षकांच्या अनुभवाच्या अटीवरून आपल्याच एमपीएससीची केस होती, निकाल मे २०१९. मुंबई उच्च न्यायालयाने उमेदवारांनी लावलेला अर्थ उचलून धरला होता. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, कामाला काय लागतं ते नोकरी देणारा ठरवेल, कोर्ट जाहिरात नव्याने लिहिणार नाही. बिहारमध्ये फार्मासिस्टच्या २,४७३ जागांवरून बी.फार्म (पदवी) आणि डी.फार्म (डिप्लोमा) यांची जुंपली. नियमात डिप्लोमा होता, पदवीवाले हरले, पाटण्याच्या हायकोर्टातही आणि दिल्लीत सर्वोच्च न्यायालयातही. आपल्या जिल्हा परिषदेत औषध निर्माण अधिकाऱ्याला "पदवी किंवा पदविका" असं लिहिलंय, म्हणून तिथे हे भांडण होत नाही. सेविकेच्या नियमात तसा "किंवा" टाकायचं काम मंत्रालयाचं, आणि तिथे कुणाला घाई नाही.

उपकेंद्र_वाली

मी एएनएम. कडू लागेल पण बोलते. बारावी आर्ट्स करून दोन वर्षांचा कोर्स केला, कंत्राटी म्हणून उपकेंद्रावर आहे. सपाटीला पाच हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, डोंगरात तीन हजारामागे. गरोदर बायांची नोंद, लसीकरणाचं सत्र, आशांच्या मीटिंगा, टॅबमध्ये भरा आणि तेच परत रजिस्टरलाही लिहा. आम्हाला कायम व्हायला ही एकच वाट. तुम्हाला अधिपरिचारिकेची (स्टाफ नर्सची) जाहिरात आहे, तिथे आम्ही अर्ज करू शकतो का? तिथे "अनुभव जास्त" म्हणून कुणी घेतं का आम्हाला? वरच्या शिडीवरचे खाली उतरून परीक्षेत आमच्या पुढे जाणारच हो, अभ्यासाची सवय असते. तुमच्यावर राग नाही सिस्टर, पण ही जागा आमची आहे.

पांढरा_ॲप्रन

तुमचं म्हणणं पटतंय, नाही असं नाही. पण अधिपरिचारिकेच्या जागा तरी कुठे वेळेवर निघतात? म्हणून तर इकडे फॉर्म भरला. आणि काका, शेजारच्या जिल्ह्यात जीएनएमवाल्या दोघींना घेतलंय असं मैत्रिणीकडून कळलं. नियम एकच ना सगळ्या जिल्हा परिषदांना?

आस्थापना_टेबल

नियम एकच. पण "तिथे चूक झाली, मग इथेही करा" असं कोर्टात चालत नाही, समानतेचा हक्क चुकीच्या नेमणुकीला लागू होत नाही. आधी खात्री करा. त्या दोघींनी एएनएम आधी करून मग जीएनएम केलं असेल, तसं पुष्कळ जणी करतात. शेजारच्या जिल्हा परिषदेकडे माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांचं काम आहे, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. विचारायचं असं: निवड झालेल्या सेविकांची अर्हता काय, आणि जीएनएमबाबत शासनाचं मार्गदर्शन मागवलं होतं का, असल्यास पत्राची प्रत. मंत्रालयाचं तसं पत्र निघालं तर तुमच्या याचिकेत जीव येईल. नाही निघालं तर फीचे पैसे वाचले.

आणि जायचंच ठरलं तर मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जाऊ नका. जिल्हा परिषदेचे कर्मचारी मॅटच्या कक्षेत येत नाहीत, थेट उच्च न्यायालयात रिट याचिका. हीच जागा राज्य शासनाच्या जिल्हा रुग्णालयातली असती तर आधी मॅट, आणि तिथे एक वर्षाची मुदत. रिटला ठरलेली मुदत नसली तरी नेमणुकांचे आदेश निघून मुली रुजू झाल्या की न्यायाधीश पहिला प्रश्न विचारतात, इतके दिवस कुठे होता? ज्यांची जागा जाऊ शकते त्या उमेदवारांनाही प्रतिवादी करावं लागतं. ते न करता केलेल्या याचिका मी परत येताना पाहिल्यात.

पांढरा_ॲप्रन

आरटीआय उद्या टाकते. वकिलांना फोन करून केरळसारखी तरतूद कुठल्या पानावर आहे ते विचारलं. म्हणाले, "समक्ष या, फीचं पण बघू."

आस्थापना_टेबल

फीचं नका बघू. पान बघा.