डोंबिवली सोडून कोल्हापूर: घर विकून जावं की भाड्याने देऊन?

आठ_सत्तावन्न_फास्ट

नमस्कार मंडळी. डोंबिवली पूर्वेला आमचा वन बीएचके आहे, स्वतःचा. कर्ज नुकतंच फिटलं. मी सॉफ्टवेअरमध्ये, ऑफिस पवईला, पण महिन्यातून चारच दिवस तोंड दाखवावं लागतं, बाकी घरून. बायको घाटकोपरच्या एका लॅबमध्ये सीनियर टेक्निशियन, ती मात्र रोज लोकलने. मुलगी तिसरीत जाईल. आई आमच्याकडेच.

घरून काम म्हणजे काय, तर ओटा आणि फ्रिज यांच्यामध्ये फोल्डिंग टेबल. माझ्या बंगळूरच्या मॅनेजरला आता आमच्या कुकरच्या शिट्ट्या पाठ झाल्यात.

कोल्हापूर का, तर माझं आजोळ. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या तिथे गेल्या. मामेभावाने उजळाईवाडीकडची एक स्कीम दाखवली. टू बीएचके, पार्किंगसकट ५२ लाख, ताबा दोन वर्षांनी. आमच्या फ्लॅटचे एजंट ५८ सांगतोय. म्हणजे जागा जवळजवळ दुप्पट आणि वर चार पैसे हातात. बिल्डर म्हणतो दसऱ्याच्या आत बुकिंग केलं तर मॉड्युलर किचन फुकट.

बायको 'बघू' म्हणते. तिचं 'बघू' म्हणजे काय ते लग्न झालेल्यांना सांगायला नको. आई सरळ म्हणते, तुम्ही जा, मी माझं भजनी मंडळ सोडून येणार नाही.

विकून मोकळं व्हावं का? खर्च खरंच किती कमी होतो? आणि पुराची भीती कितपत धरायची? दिवाळीत येऊन जागा बघायचा विचार आहे.

परळ_ते_राजारामपुरी

आम्ही २०१८ला परळहून आलो, यजमानांच्या बदलीमुळे. परत जायची संधी दोनदा आली, गेलो नाही. म्हणजे मी या गावाच्या बाजूची आहे हे धरून पुढचं वाचा.

आधी खर्च. लोक 'छोट्या गावात सगळं स्वस्त' असं सरसकट बोलतात, तसं नसतं. वीज तुमच्याकडेही महावितरण, इथेही महावितरण, दर तोच. सिलिंडर, मोबाइल, किराण्यातल्या पाकीटबंद वस्तू, मुलीच्या सीबीएसई शाळेची फी, यात फार फरक पडत नाही. भाजी आणि दूध स्वस्त, आणि चांगलं. खरा फरक घराचा. आम्ही राजारामपुरीत जुन्या इमारतीत टू बीएचकेला १४ हजार देतो, वर गच्ची. पण इथे लोकल नाही. केएमटीच्या बसवर घड्याळ लावता येत नाही, त्यामुळे घरटी दोन गाड्या लागतात. लोकलच्या सेकंड क्लासच्या महिन्याच्या पासात इथे स्कूटरची टाकीसुद्धा भरत नाही. शिवाय लग्न, बारसं, वास्तुशांत, जावळ. मुंबईत 'जमलं नाही हो' चालतं. इथे तुम्ही गेला नाहीत तर तीन महिन्यांनी भाजी घेताना विचारतात. आजोळ आहे म्हणता, मग आहेरांचं वेगळं पाकीटच करा.

आता ज्यावर तुम्ही एक ओळ लिहून पुढे गेलात ते. वहिनींची नोकरी. तुम्ही ५२ आणि ५८ची वजाबाकी केलीत, त्यांच्या पगाराची केलीत का? मी परळला ऑडिट फर्ममध्ये होते. इथल्या पहिल्या मुलाखतीत मला आधीच्या निम्म्याहून कमी आकडा सांगितला, वर 'शनिवारी पूर्ण दिवस'. कामात काही फरक नव्हता, तेच टॅली, तेच जीएसटी. शेवटी मी शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या लहान फाउंड्र्यांची हिशोबाची कामं घरून घ्यायला लागले. आकडा आता बरा आहे, पण तो जमायला वर्षं गेली आणि त्या काळात एकाच पगारावर घर चाललं. लॅब टेक्निशियनला घरून काम करता येत नाही. दवाखाने इथे पुष्कळ आहेत, सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे, कणेरी मठाचं सिद्धगिरी हॉस्पिटल आहे, खासगी तर गल्लोगल्ली, त्यामुळे काम मिळेल. पगार किती, ते मात्र त्यांनी स्वतः फोन करून विचारायला हवं. तुमच्या मामेभावाने नव्हे. घाटकोपरचा पगार वजा करून जो आकडा उरेल तो घेऊन मग मॉड्युलर किचनकडे बघा. त्यांच्या 'बघू'मध्ये मला तरी हेच ऐकू आलं.

आणि तुमची स्वतःची नोकरी. उद्या कंपनी म्हणाली आठवड्यातून तीन दिवस पवई, तर? इथे आयटीत पर्याय मोजके. इथली मुलंच शिकून पुण्याला जातात. महिन्याचे चार दिवस जमतील. महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्रीची आहे, कल्याणला थांबते, दहा-अकरा तास लागतात, झोपून जाता येतं. रस्त्याने कधी किती लागतील ते सातारा-कागल सहापदरीकरणाच्या मर्जीवर. विमान उजळाईवाडीतूनच उडतं, पण दर महिन्याला परवडेल असं धरू नका.

म्हणून माझं मत: डोंबिवलीचं घर विकू नका. एकदा विकलं की त्या पैशात मुंबईच्या पट्ट्यात परत शिरता येत नाही, हे आमच्या ओळखीत दोघांनी भोगलंय. ते भाड्याने द्या, त्या भाड्यात इथलं भाडं जवळपास निघेल. इथे ११ महिन्यांचा करार करा, रीतसर नोंदवून, आणि त्यात एक पूर्ण पावसाळा येऊ द्या. कोल्हापूर डिसेंबरात सगळ्यांनाच आवडतं.

पुराबद्दल गंगावेस लिहितीलच, त्यांचं घर त्या बाजूला आहे.

गंगावेस_कट्टा

आलो आलो. भावा, पूर सगळ्या कोल्हापुराला येत नाही, पण ज्याला येतो त्याला सोडत नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. २०१९ला आणि २०२१ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेलती. सुतारवाडा, दुधाळी, रमणमळा, नागाळा पार्कचा खालचा भाग, शाहूपुरीची कुंभार गल्ली, इथं पाणी. नागाळा पार्क म्हणजे बंगलेवाल्यांचा भाग बरं का, पूर पैसा बघून येत नाही. राजारामपुरी, विद्यापीठाकडची बाजू, आर. के. नगर उंचावर. उजळाईवाडीला नदीचं भ्या नाही.

पण उंचावरचेही अडकतात. २०१९ला शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, पुण्या-मुंबईकडची वाहतूक कित्येक दिवस ठप्प. पेट्रोलला रांग, भाजी नाही. आणि गंमत म्हणजे शहराभोवती समुद्र आणि नळाला थेंब नाही, कारण उपसा केंद्रंच बुडाली. आता काळम्मावाडी धरणातनं थेट पाइपलाइन २०२३ला आली, त्याला आमच्या दोन पिढ्या आंदोलनं करत होत्या. आली, पण त्यातही बिघाड झाला की टँकर आहेच.

शहरात नदीकडेला घर बघणार असाल तर पाटबंधारे खात्याची निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते नकाशावर बघायचं. निळ्याच्या आत असेल तर फुकट दिलं तरी घ्यायचं नाही. बिल्डरला विचारू नका, शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारा की २०२१च्या पुरात माल कुठल्या फळीवर ठेवलावता.

उजळाईवाडीची गोष्ट निराळी. ती महापालिकेत नाही, ग्रामपंचायत आहे. हद्दवाढीचं भांडण आम्ही शाळेत असल्यापासून ऐकतोय. त्यामुळं तिथं विचारायचं ते असं: पाणी कुठल्या योजनेचं आणि दिवसाआड किती वेळ, सांडपाणी कुठं सोडलंय, बांधकाम परवानगी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाची आहे का. ब्रोशरवर 'एअरपोर्टपासून ५ मिनिटं' लिहितात, टँकर किती मिनिटांवर ते लिहीत नाहीत.

मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ला सुरू झाल्यापासून ताराबाई पार्क, सीपीआरच्या आसपास मालक लोकांच्या तोंडात भाड्याचे नवेच आकडे आलेत. वकील मंडळी सहा जिल्ह्यांतनं येणार म्हणून. मागतील तेवढं देऊ नका.

पोरगीला फुटबॉल आवडतो का? पेठेत आणा मग.

हिशोबनीस

विकायचंच ठरलं तर दोन गोष्टी. नफा दुसऱ्या राहत्या घरात घातला तर कर वाचतो: तयार घर विक्रीनंतर २ वर्षांत, बांधकाम चालू असलेलं ३ वर्षांत पूर्ण व्हायला हवं. 'ताबा दोन वर्षांनी' म्हणणारा बिल्डर लांबला की ही मुदत तुमच्या मानेवर येते. महारेराच्या साइटवर त्या प्रकल्पाची नोंदलेली तारीख बघा, तोंडी तारीख सोडून द्या. दुसरं, या सवलतीतून घेतलेलं घर ३ वर्षांच्या आत विकलं तर वाचवलेला कर परत अंगावर येतो. म्हणजे नाही पटलं म्हणून पटकन विकून परत डोंबिवली, हा मार्ग महागात जातो.

५० लाखांवरच्या व्यवहारात घेणारा १ टक्का टीडीएस कापून देतो, ५८ लाखांना ५८ हजार. ते हातात येणाऱ्या रकमेतून वजा धरा. भाड्याने दिलंत तर भाड्याच्या उत्पन्नातून, पालिकेचा कर वजा जाता, ३० टक्के सरसकट वजावट मिळते. दसऱ्याची ऑफर दिवाळीलाही असते.

आठ_सत्तावन्न_फास्ट

सगळ्यांचे आभार. परळताईंचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, 'या बाईंचा नंबर घे.' रात्री बसून तिच्या पगारासकट हिशोब मांडला. ५८ वजा ५२ फारच सोपं गणित होतं. तिने दोन ठिकाणी फोन केलेत. एका ठिकाणी आकडा वाटला त्यापेक्षा बरा आहे, पण नाइट ड्यूटी.

तर विक्री सध्या बाद. दोन शंका उरल्या. गाडी एमएच ०५ आहे, तिची नोंदणी बदलावी लागेल का? आणि आईचं काय करू?

परळ_ते_राजारामपुरी

गाडी राज्यातल्या राज्यात आहे, नंबर तोच राहतो, मुक्काम हलला की पत्ता तेवढा बदलून घ्या. नंबर मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, वहिनींचा, तुमचा नको.

आईंना 'चला' म्हणू नका. घर भाड्याने देणार असाल तर त्या राहणार कुठे, हा प्रश्न तुम्ही अजून घेतलेलाच नाही, त्यांनी मात्र घेतलाय. माझ्या सासूबाईंनी पहिलं वर्ष दोन महिने इथे, एक महिना नणंदेकडे ठाण्याला असं काढलं. तुम्हाला बहीण-भाऊ आहे का मुंबईत? नसेल तर पहिलं वर्ष घर भाड्याने न देता तसंच ठेवायचा खर्च झेपतो का ते बघा. भजनी मंडळं इथे पेठापेठांत आहेत, पण त्यांना 'एक' मंडळ नकोय, त्यांचं हवंय.

गंगावेस_कट्टा

आणि दिवाळीत बघायला येऊ नका. दिवाळीत सगळी घरं छान दिसतात. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात या, ज्या भागात भाड्याने घ्यायचंय तिथं पावसात चालत फिरा, भिंतीची ओल हात लावून बघा, संध्याकाळी नळाला पाणी कधी येतंय विचारा. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, महालक्ष्मीचं तिकीट पहिल्याच दिवशी काढा, नंतर वेटिंगच मिळतंय.