मदत हवी आहे: काउली (Cowley) आणि क्यूली (Kewley) एकच माणूस आहे हे कसं ठरवायचं? (आइल ऑफ मॅन)

नमस्कार मंडळी, इथे वंशावळीचं वेड असलेले बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. नवऱ्याचं आजोळ आइल ऑफ मॅनचं (ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधलं बेट), सासूबाईंसाठी त्यांच्या घराण्याचा शोध चाललाय. 1881 च्या जनगणनेपर्यंत सगळं नीट लागलं पण त्याच्या मागे गेलं की नुसता गुंता. त्यांच्या पणजोबांचा बाप्तिस्मा लेझेअर पॅरिशमध्ये (पॅरिश म्हणजे एका चर्चचा विभाग) थॉमस काउली म्हणून आहे, लग्नात तोच (बहुतेक!) थॉमस क्यूली, आणि शेजारच्या पॅरिशमध्ये त्याच वयाचा दुसरा थॉमस क्यूली बसलाय. नावं पण तीच तीच, थॉमस, जॉन, विल्यम. त्यात थॉमसच्या आईच्या दफनाची नोंदच मिळत नाही, काउली क्यूली दोन्ही टाकून बघितलं. कोणी मॅन्क्स (म्हणजे आइल ऑफ मॅनची) रेकॉर्ड्स बघितलीयत का?

प्रतिसाद १
ताई, काउली आणि क्यूली दोन्ही मूळचे एकच, 'ओलाफचा मुलगा' अशा अर्थाचं गेलिक आडनाव. 1511 च्या जमीनदारीच्या याद्यांमध्ये लोकांच्या आडनावात मॅक (म्हणजे 'चा मुलगा') सर्रास दिसतं, पुढे मॅक गळालं आणि त्यातला क तेवढा चिकटून राहिला, म्हणून तिथे सी, के नि क्यू वाल्या आडनावांचा सुळसुळाट. लोक बोलायचे मॅन्क्स (तिथली गेलिक भाषा), स्पेलिंग ठरवायचा पाद्री, तो बदलला की आडनाव बदललं. आपल्याकडे एक भाऊ कुलकर्णी आणि दुसरा गावावरून अमुककर लावतो तसं हे नाही हां, इथे माणसाने काहीच बदललेलं नसतं.

सर्चमध्ये 'सारखा उच्चार' वर विसंबू नका, त्यामागचं साउंडेक्स (उच्चारावरून नावांना कोड द्यायची पद्धत) पहिलं अक्षर तसंच ठेवतं त्यामुळे सी टाकलं की के वाले येतच नाहीत. दोन्ही वेगवेगळे शोधा.

आणि आईला सासरच्या आडनावाने शोधताय तिथेच अडलंय! जुन्या मॅन्क्स नोंदींत लग्न झालेली बाई बऱ्याचदा माहेरच्याच आडनावाने असते, दफनात पण.

प्रतिसाद २
+१. दोन थॉमस वेगळे करायचे तर आडनाव सोडा, शेत धरा. तिकडे शेतांना नावं असतात, बॅला अमुक, बॅला तमुक, आणि ती पिढ्यानपिढ्या टिकतात. मृत्युपत्रं पण बघा, चर्चच्या कोर्टाची जुनी विल्स भरपूर टिकलीत, त्यात मुलांची नावं मिळतात, लग्न झालेल्या मुलींचीसुद्धा. जन्ममृत्यूची सक्तीची सरकारी नोंद 1878 पासूनची, त्यामुळे तुमच्या थॉमसच्या जन्मासाठी पॅरिश रजिस्टरच. डग्लसच्या मॅन्क्स म्युझियमच्या लायब्ररीला ईमेल टाकून बघा.

धागाकर्ती
अरे वा, खूप खूप आभार दोघांचे! बाप्तिस्म्यात आईचं आडनाव क्वेल लिहिलंय, आता तेच धरून दफन शोधते. जनगणनेत बॅला-काहीतरी होतं ते मी पत्ता समजून सोडून दिलेलं. पण ती विल्स वाचायला कितपत जमतात, अक्षर कसं असतं? आणि लॅटिनमध्ये असतील तर मेलेच मी 😅