कोळंबीच्या बियाण्याचा पीसीआर अहवाल: सीटी ३६ म्हणजे विषाणू जास्त की कमी?

खाजणकाठ (प्रश्न)

वाघोटण खाडीच्या काठी खाजणात आमची कोळंबीची दोन तळी आहेत. यंदा व्हेनामी जातीच्या कोळंबीचे बियाणे ज्या हॅचरीतून यायचे आहे, तिने पाठवलेल्या अहवालात पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगासाठी ‘पीसीआर निगेटिव्ह’ असा शेरा आहे. खात्री करून घ्यावी म्हणून त्याच लॉटमधली थोडी पिल्ले आम्ही दुसऱ्या प्रयोगशाळेत दिली, तर तिथून ‘रिअल टाइम पीसीआर, सीटी ३६.१’ असे आले. शेजारच्या तळ्यातली कोळंबी मेली, त्या आठवड्यातल्या त्यांच्या अहवालात सीटी २२ होता. आता ३६ हा आकडा २२ पेक्षा मोठा, म्हणून आमच्या बियाण्यात विषाणू अधिक, असे घरच्यांचे म्हणणे. मध्यस्थ मात्र नेमके उलट सांगतो आणि ते त्याच्या सोयीचे असल्यामुळे विश्वास ठेवावा की नाही, ते कळत नाही. हे यंत्र नक्की काय मोजते?

शहाण्णव नळ्या

मध्यस्थाचे म्हणणे या बाबतीत खरे आहे, पण त्यामागचे कारण समजून घेतले तरच ते उपयोगाचे.

पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूचा डीएनए सुमारे ३ लाख अक्षरजोड्यांचा असतो (अक्षर म्हणजे डीएनएच्या साखळीतला एक रासायनिक दुवा). पीसीआर त्यातला काही शे अक्षरांचा, या विषाणूची ओळख पटवणारा एक तुकडा निवडते आणि फक्त त्याच्याच प्रती काढते. नळी ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की डीएनएचे दोन पदर सुटतात. ती ५५-६० अंशांपर्यंत निवाली की प्रायमर नावाचे दोन छोटे तुकडे त्या पदरांवर आपापल्या जागी चिकटतात. मग ७२ अंशांच्या आसपास पॉलिमरेज हे विकर प्रायमरपासून पुढे एकेक अक्षर जोडत नवा पदर विणते. हे झाले एक आवर्तन. दर आवर्तनाला प्रती दुप्पट होतात, त्यामुळे एका तुकड्याचे १० आवर्तनांत १,०२४, २० मध्ये साडेदहा लाख आणि ३० मध्ये सुमारे १०७ कोटी होतात. कॅरी मलिस यांना ही कल्पना १९८३ मध्ये सुचली आणि १९९३ मध्ये त्यासाठी रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. सुरुवातीला दर वेळी तापवताना विकर निकामी होई आणि ते प्रत्येक आवर्तनात नव्याने घालावे लागे. यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांत सापडलेल्या जिवाणूचे ‘टॅक’ विकर हाती आले, तेव्हा कुठे हे काम यंत्रावर सोपवता आले.

आता आकड्याकडे येऊ. दुप्पट होणे कायम चालत नाही. प्रायमर आणि सुटी अक्षरे संपत येतात, तयार प्रती एकमेकींनाच चिकटू लागतात आणि वाढ थांबते. पूर्ण भरती आल्यावर खाडी पाहिली, तर ओहोटीला पात्रात पाणी किती उरले होते हे सांगता येत नाही, तसेच चाचणी संपल्यावर नळीत किती डीएनए आहे यावरून मूळचा किती होता हे कळत नाही. पण उघाडीच्या (पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराच्या) भिंतीवरच्या एका ठरावीक खुणेला पाणी किती वाजता लागले हे पाहिले, तर सुरुवातीच्या पाण्याचा अंदाज बांधता येतो. रिअल टाइम यंत्र नेमके हेच करते. प्रत बनली की चमकणारा रंग नळीत घातलेला असतो. ती चमक आखलेली रेषा ज्या आवर्तनाला ओलांडते, तो आवर्तनाचा आकडा म्हणजे सीटी. विषाणू जितका अधिक, तितकी रेषा लवकर गाठली जाते. तुमच्यात आणि शेजाऱ्यांत १४ आवर्तनांचा फरक आहे, म्हणजे २ चा १४ वा घात. दोन्ही चाचण्या एकाच पद्धतीने झाल्या असतील, तर तुमच्या नळीत सुमारे १६ हजार पट कमी विषाणू-डीएनए होता. किट आणि प्रयोगशाळा वेगळ्या असतील, तर हा हिशेब मांडू नका.

दोडामार्गकर

थोडे अवांतर. आमच्याकडे माकडतापाच्या तपासणीला आरटी-पीसीआर म्हणतात. ते हेच का?

शहाण्णव नळ्या

जवळजवळ. तो विषाणू आरएनएचा आहे, म्हणून आधी त्या आरएनएवरून डीएनए बनवून घ्यावा लागतो. ‘आरटी’ ती आधीची पायरी. कोळंबीच्या या विषाणूला तिची गरज नाही, कारण तो मुळातच डीएनएचा.

खाजणकाठ

आकडा समजला, आभार. पण मग पहिली प्रयोगशाळा निगेटिव्ह कशी म्हणाली? कोणीतरी खोटे बोलते आहे का?

मत्स्यविद्या

खोटे असेलच असे नाही. ३६ च्या आसपासचा सीटी म्हणजे नळीत मोजके तुकडे. त्याच अर्कातला दुसरा थेंब घेतला, तर त्यात एकही न येण्याची शक्यता असते. शिवाय पहिली चाचणी साध्या एका टप्प्याची होती का, ते विचारा. नेस्टेड पद्धतीत पहिल्या टप्प्याच्या प्रतींवर आतल्या प्रायमरांनी दुसरा टप्पा करतात, आणि पहिला निगेटिव्ह पण दुसरा पॉझिटिव्ह, असा हलका संसर्ग तिथेच पकडला जातो.

नमुन्याचा प्रश्न मात्र याहून मोठा आहे. लाखो पिल्लांच्या लॉटमध्ये २ टक्के बाधित असतील, तर त्यातले किमान एक तरी ९५ टक्के खात्रीने हाती लागण्यासाठी सुमारे १५० पिल्ले तपासावी लागतात. वीस-पंचवीस पिल्ले बाटलीत भरून दिलेला ‘निगेटिव्ह’ हा त्या बाटलीपुरता असतो. दुसरे म्हणजे कोळंबीच्या डोळ्यांतले घटक पॉलिमरेजला अडवतात, म्हणून डोळे काढून अर्क करायचा असतो. ते राहिले आणि सोबत अंतर्गत नियंत्रण, म्हणजे कोळंबीच्याच एखाद्या जनुकाची चाचणी, केली नसेल, तर विषाणू नाही आणि चाचणीच चालली नाही, या दोन्हींचा अहवाल सारखाच दिसतो. उलट बाजूने, कोऱ्या नळीतही, म्हणजे नमुन्याऐवजी नुसते पाणी घातलेल्या नळीतही, उशिरा चमक आली असेल, तर तुमचा ३६ बाहेरून शिरलेल्या डीएनएचाही असू शकतो. मेलेल्या विषाणूचा डीएनएही मोजला जातोच.

मी तुमच्या जागी असतो, तर हे बियाणे तूर्त तळ्यात सोडले नसते.

खाजणकाठ

हॅचरीच्या अहवालात नमुन्याची संख्या नाही आणि अंतर्गत नियंत्रणाचा उल्लेखही नाही. लॉट थांबवून ठेवायला सांगितले आहे. १५० पिल्ले पुन्हा पाठवतो आहे, आणि या वेळी कोऱ्या नळीचा निकालही लेखी मागितला आहे.