समाविष्ट गावं म्हणजे पुण्याच्या गळ्यातलं लोढणं? मग ऐकाच

वाघोली_सी_विंग

परवा इथे शनिपारकर यांनी लिहिलं: "शहराबाहेर स्वस्तात मिळाले म्हणून फ्लॅट घेतले, आता आमच्या वाट्याचं पाणी मागताय. ही ३४ गावं म्हणजे पुण्याच्या गळ्यातलं लोढणं आहे, काढून टाका." खाली ऐंशी-नव्वद जणांनी टाळ्या वाजवल्या. दोन दिवस गप्प बसलो, आज सकाळी टँकर आला नाही म्हणून वेळ मिळाला.

पहिली गोष्ट, आम्ही अर्ज केला नव्हता. ३४ गावं पुणे महापालिकेत घ्यायची अधिसूचना २०१४ ची. त्यातली ११ गावं २०१७ ला घेतली, उरलेली २३ घेतली जून २०२१ च्या शेवटच्या दिवशी. वाघोली त्यात. त्या दिवशी पालिका मुंबईपेक्षा मोठी झाली म्हणून पेपरात मथळे आले, आमच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो फिरले. मीही एक टाकला होता, कबूल.

मग काय झालं? सरपंच गेला. नगरसेवक यायच्या आधीच मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक बसला. पुढची साडेतीन वर्षं तरी तक्रार करायला माणूसच नव्हता. त्यात गंमत बघा, गावं पालिकेत, पण २०२१ ला नियोजन प्राधिकरण नेमलं पीएमआरडीएला, म्हणजे महानगर प्रदेशाच्या वेगळ्याच संस्थेला. म्हणजे इमारतीला परवानगी देणारा एक, आणि त्या इमारतीला पाणी, ड्रेनेज, रस्ता देणारा दुसरा. लग्न एकाने लावायचं, संसार दुसऱ्याने चालवायचा. फ्लॅट घेताना बिल्डरने हमीपत्र दिलेलं असतं, 'पालिकेचं पाणी येईपर्यंत पाण्याची सोय आम्ही करू.' ताबा दिल्यावर तो पुढच्या साईटवर. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीला दिवसाला ११ टँकर लागतात, मेंटेनन्समधला मोठा हिस्सा तिथेच जातो.

तेव्हा लोढणं कोण कुणाच्या गळ्यात, ते जरा शांतपणे सांगा.

शनिपारकर

माझं नाव घेतलंत म्हणून उत्तर. 'अर्ज केला नव्हता' हे वाक्य छान आहे. फ्लॅट घेतानाही अर्ज केला नव्हता का? तुमचं बुकिंग झालं तेव्हा पाण्याची लाईन कुठे आहे हे विचारलंत, की स्विमिंग पूल कुठे आहे हे? आमच्या वाड्यात तीन पिढ्या एका नळावर गेल्या. आज त्या नळाला दाब नाही, कारण तीच धरणं आणि तोंडं दुप्पट. यात भावना नाही, गणित आहे. खडकवासला साखळीत चार धरणं मिळून साधारण २९ टीएमसी, म्हणजे २९ अब्ज घनफूट. त्यातच शहर, त्यातच कालव्याने दौंड-इंदापूर. पाण्याला रबर नसतं.

धायरीची_लेक

काका, गणिताचं एक उदाहरण मी देते. जानेवारी २०२५. जीबीएस, हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराची साथ. आठवतंय का, की ते पेठेत आलं नाही म्हणून विसरलात?

नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, धायरी. नकाशा काढा, खडकवासला धरणाच्या भिंतीपासून दगड मारला तर पडेल इतकं जवळ. धरणाच्या उशाशी राहून आम्ही पीत होतो विहिरीचं पाणी, त्यात फक्त क्लोरीन टाकलेलं. शुद्धीकरण प्रकल्पच नाही या गावांना. माझ्या मावशीच्या मजल्यावरचा पोरगा, नववीतला, सकाळी उठला तर पाय उचलेना. दुपारपर्यंत हातही. इंजेक्शनच्या एकेका बाटलीचा आकडा ऐकून त्याच्या आईने मंगळसूत्र काढून ठेवलं होतं. वाचला पोरगा, आता चालतो. पण मावशी अजून पिण्याचं पाणी उकळून, गाळून, परत उकळते.

तुमच्या नळाचा दाब कमी झाला याचं मला खरंच वाईट वाटतं.

हिशेबनीस_७२

भावनिक उदाहरणं बाजूला ठेवू. मुद्दा कराचा आहे आणि तो कुणी काढत नाहीये. समाविष्ट गावांना पहिल्या दिवसापासून पूर्ण कर नव्हता, ग्रामपंचायतीच्या दरापासून टप्प्याटप्प्याने वाढत जाणार होता. त्यावरही बोंब झाली आणि २०२४ ला शासनाने वसुलीच थांबवली. म्हणजे खर्च जुन्या शहराच्या करातून. सेवा नाही म्हणून कर नाही, कर नाही म्हणून सेवा नाही. कोंबडी की अंडं हा खेळ किती दिवस?

वाघोली_सी_विंग

वसुली थांबवा असं मी म्हटलं नव्हतं. पाणी द्या आणि घ्या कर, उद्या सकाळी भरतो. टँकरवाल्याला देतो त्याच्या निम्म्याने भागेल.

डेपोशेजारी

एवढं रामायण चाललंय आणि फुरसुंगीचं नाव कुणी घेईना. पुण्याचा कचरा आमच्याकडं १९९१ पासून येतोय. तेव्हा आम्ही 'समाविष्ट' नव्हतो हां, कचरा तेवढा समाविष्ट होता. आमच्या विहिरीचं पाणी माझ्या लहानपणी आरशासारखं होतं. नंतर बादलीत घेतलं की वर तवंग आणि खाली लाल गाळ. जनावर तोंड लावायचं नाही. पावण्यांनी मुली द्यायचं बंद केलं, हे मी थट्टेनं सांगत नाही, माझं स्वतःचं एक स्थळ 'त्या वासाच्या गावात नको' म्हणून मोडलं. २०१७ ला डेपोला आग लागली तेव्हा आम्ही गाड्या अडवल्या. तीन आठवडे. तेव्हा पेठेत कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग लागले आणि लोकांना फुरसुंगी कुठंय ते कळलं.

त्याच वर्षी आम्हाला पालिकेत घेतलं. सात वर्षांत काय दिलं? शेवटी आम्हीच म्हटलं सोडा आम्हाला. सप्टेंबर २०२४ ला फुरसुंगी-उरुळी देवाचीची वेगळी नगरपरिषद झाली. वाघोलीवाल्यांनो, तुम्ही पण हेच मागा. रडत बसू नका.

हिशेबनीस_७२

तुमची नगरपरिषद विहिरीमुळे नाही झाली. मंतरवाडीची गोडाऊनं आणि उरुळीची कापड दुकानं, त्यांचा कर वाढला म्हणून झाली. तेव्हा हे उघड बोललं जात होतं.

डेपोशेजारी

कर वाढला हे खरंच आहे. ज्याला रस्ता नाही, पाणी नाही, त्यानं वाढीव कर का द्यायचा? आणि गोडाऊन म्हणजे काय परग्रहावरच्या लोकांची हायेत का, आमचीच हायेत.

आयटीतला_अण्णा

मनोरंजक. म्हणजे आधी शेती विकायची, त्यावर परवानगी आहे की नाही न बघता गोडाऊन टाकायचं, ग्रामपंचायतीच्या शिक्क्यावर चार मजले चढवायचे, फॉर्च्युनर घ्यायची, आणि मग 'आमच्यावर अन्याय'. या गावांची वाट नियोजनाने नाही लावली, गुंठामंत्र्यांनी लावली. मी मांजरीत राहतो, माझ्या खिडकीसमोर सहा फुटांच्या गल्लीत पाच मजली इमारत आहे. अग्निशमनाची गाडी सोडा, टमटम वळत नाही.

डेपोशेजारी

झालं. आलंच शेवटी पोटातलं ओठांवर.

ऐका साहेब. तो गुंठा विकला कुणाला? तुम्हालाच ना? सहा फुटी गल्ली आम्ही ठेवली, मग त्या गल्लीतल्या इमारतीत वन बीएचके घेणारा कोण? माझ्या चुलत्यानं २००६ ला साडेतीन एकर दिली. का दिली? विहीर खराब, ऊस जळला, कालव्याचं पाणी शहर वाढलं तसं कमी झालं. पोरीचं लग्न होतं. जो भाव मिळाला त्यात आज त्याच जागेवरचा एक पार्किंग स्लॉट येणार नाही. फॉर्च्युनर घेणारे वीसातले दोन. बाकी अठरा आज तुमच्याच गेटवर निळा शर्ट घालून उभे असतात. 'दादा गेट उघडा' म्हणता ना, तो सात-बाऱ्यावरचा दादा आहे.

आयटीतला_अण्णा

भावनेला हात घालायची जुनी युक्ती. मी सगळ्यांना म्हटलं नाही.

धायरीची_लेक

'गुंठामंत्री' म्हणताना सगळ्यांनाच म्हटलंत. माझे आजोबा वीस वर्षं एसटीत होते, गुंठाभर जमीन नव्हती, तरी शाळेत मला 'पैसेवाल्या गावची' म्हणायचे.

शनिपारकर

विषयांतर होतंय, पण आयटीतल्या गृहस्थांशी मी सहमत आहे. पुण्याला सूज आली आहे, वाढ नव्हे. मूळ पुण्याला आपलं पाणी, आपला कर, आपलं शहर एवढं हवं आहे. बाकीच्यांनी स्वतंत्र नगरपालिका घ्यावी, सुखाने नांदावं.

वरसगावची_नात

'आपलं पाणी'. इथे थांबा.

माझ्या पणजोबांचं घर वरसगावच्या जलाशयाखाली आहे. उन्हाळ्यात पाणी खूपच उतरलं तर देवळाच्या जोत्याचे दगड दिसतात, आजी एकदाच बघायला गेली आणि परत कधी गेली नाही. आम्हाला दौंडकडे जमीन दिली, मुरमाड. पानशेत, वरसगाव तेव्हाच्या वेल्हे तालुक्यात, टेमघर मुळशीत. यातलं एकही धरण सदाशिव पेठेत नाही, मी शोधून पाहिलं.

आणि त्याही आधीचं काढायचं तर पेठेतल्या हौदांना पाणी यायचं ते कात्रजहून. नानासाहेब पेशव्यांनी बांधलेला नळ. कात्रज तेव्हा गावच होतं. ते काही 'आमच्या वाट्याचं' म्हणाले नव्हते.

बालेवाडीकर_काकू

मी फक्त एवढंच सांगेन की थांबायची तयारी ठेवा. आम्ही १९९७ च्या गावांतले. त्या वेळी ३८ गावांचा घोळ होता, काही आत आली, काही बाहेर गेली. आता बाणेर-बालेवाडीचे भाव बघता ना, त्याच्या आधी आम्हीही टँकरच प्यायलो, आणि अजून काही सोसायट्या पितात. आणि टेकड्यांचं आरक्षण, बीडीपी! माझ्या सासऱ्यांची उताराची जमीन त्यात गेली. झाडं लावा म्हणतात, आनंद आहे, पण मोबदला म्हणून आठ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे बांधायचा हक्क? आठ टक्के! खाली प्लॉटवर तीस मजले आणि आमच्या टेकडीला...

आयटीतला_अण्णा

काकू, प्लीज, बीडीपीचा वेगळा धागा काढा.

बालेवाडीकर_काकू

काढला होता. तीन प्रतिसाद आले, त्यातले दोन माझेच.

शनिपारकर

वरसगावच्या ताई, 'आपलं पाणी' हे शब्द मागे घेतो. फक्त ते दोन शब्द. कात्रजच्या नळाचं मला माहीत होतं, आमच्या वाड्यात त्याचा उच्छ्वास, म्हणजे हवा सोडायचा झरोका, होता. तुमचा दाखला चपखल आहे असं म्हणायची माझी इच्छा नाही, पण आहे.

बाकी गणित कायम. २९ टीएमसी.

वाघोली_सी_विंग

गणित मान्य. मग त्याच गणिताने सांगा, वाघोलीची वेगळी नगरपालिका झाली तर ती पाणी आणणार कुठून? तिला काय आकाशातून पाईपलाईन मिळेल? फुरसुंगीकर, राग मानू नका, तुमचीही लाईन त्याच धरणांकडे बघणार. सीमारेषा बदलली, तहान तीच. म्हणून मी बाहेर पडायच्या विरोधात आहे. आत घेतलंय ना, मग आतल्यासारखं वागवा.

डेपोशेजारी

निदान शिव्या घालायला आमचा नगराध्यक्ष गावात सापडेल. तुम्ही कुणाला शोधणार, आयुक्ताला? तो बदलून गेलेला असतो.

हिशेबनीस_७२

या मुद्द्यावर माझ्याकडे आकडा नाही. दुर्मीळ प्रसंग आहे, नोंद घ्यावी.

आयटीतला_अण्णा

ठीक आहे, 'गुंठामंत्री' शब्द जास्त झाला. पण त्या गल्लीचं काय? आग लागली तर?

डेपोशेजारी

लागली तर आमचीच पोरं बादल्या घेऊन येतील. २०१७ ला पण आगीजवळ आम्हीच होतो.

आणि वाघोलीकर, तुम्ही 'आमची सोसायटी, आमची सोसायटी' करताय. एकदा जमिनीचा सात-बारा काढून बघा. कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर चढलीय का? मालक अजून आमच्यातलाच कुणीतरी निघेल.

वाघोली_सी_विंग

काढला ऑनलाईन, आत्ताच. चार शेतकऱ्यांची नावं आहेत. एक नाव ओळखीचं वाटलं, आमच्या रात्रपाळीच्या वॉचमनचं आडनाव तेच आहे. बिल्डरचं नाव कुठेच नाही.

डेपोशेजारी

मग टँकरचं बिल कुणाच्या नावानं फाडता?