जुना १२ इंची लॅपटॉप : एक्स२५० घेऊ की लॅटिट्यूड ७२९०?

टंकलेखिका_नागपूर

नमस्कार मंडळी. मी सिव्हिल लाइन्सला कोर्टाच्या आवारात टायपिंग करते. खरेदीखत, बक्षीसपत्र, अ‍ॅफिडेव्हिट, जे येईल ते. टेबल आमच्या वकीलसाहेबांचं, वीज शेजारच्या स्टॅम्प व्हेंडरकडून ओढलेली. त्यांनी चहाची इलेक्ट्रिक किटली लावली की माझा लॅपटॉप बंद पडतो, कारण बॅटरी कधीचीच मेली आहे. तो १५.६ इंची धोंडा रोज मेट्रोच्या जिन्यावरून नेऊन खांदा कामातून गेला.

सीताबर्डीत दोन पाहून आले. दोन्ही साडेबारा इंची. एक थिंकपॅड एक्स२५०, पाचव्या पिढीचा इंटेल आय५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ११,५०० सांगितले. दुसरा लॅटिट्यूड ७२९०, आठव्या पिढीचा, तोही ८ जीबी, १७,०००. माझं बजेट १२, फारच ताणलं तर १५. काम म्हणजे मराठी इनस्क्रिप्ट (टायपिंगची कीबोर्ड मांडणी), पीडीएफ, ब्राउझर. आणि साहेब आत असले की यूट्यूब. दोघांत इतका फरक काहून आहे? दुकानात काय पाहू?

बर्डीचा_भाऊ

ताई, मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ले बंद केला. विंडोज अकरा नियमानं इंटेलच्या आठव्या पिढीपासून चालते. म्हणून पाचवीचा माल स्वस्त झाला, दुकानदार काही दानधर्म नाही करून राहिला. ‘यावरबी अकरा टाकून देतो’ म्हणन तो. टाकता येते, पण पुढचं मोठं अपडेट आलं का तुमचीच फजिती.

लॅटिट्यूड लयदा कंपनीतून निघालेला असते. दुकानातच रिसेट मारा अन् आपल्या मोबाइलच्या हॉटस्पॉटले जोडा. सुरुवातीलेच कोण्या कंपनीचं नाव येऊन ऑफिसचा ईमेल मागला, तर मशीन अजून त्या कंपनीच्याच ताब्यात आहे समजा, उठून या. चालू होताना एफ२ दाबून पाहा, थिंकपॅडले एफ१. बायोसचा, म्हणजे विंडोजच्याही आधीच्या सेटिंगचा, पासवर्ड मागला तरी उठून या. थिंकपॅडचा तो पासवर्ड आतला सेल काढून जात नाही, कोणी काहीबी सांगो.

पुदिना

मी एक्स२५० च्या बाजूने. कारण तुमची किटली. त्यात दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक मागे. मशीन चालू असतानाच मागची काढून दुसरी लावता येते, तेवढा वेळ आतली सांभाळून घेते. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी लिहून एक जागा सोडा, मग तिरकी रेघ आणि बॅटरीरिपोर्ट. त्यात दोन्ही बॅटऱ्यांची मूळची क्षमता आणि आज उरलेली क्षमता दिसते. दुकानदाराला ‘बॅकअप किती’ विचारूच नका, उत्तर सगळीकडे ‘तीन तास’ असतं.

विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाका, त्यात मराठी इनस्क्रिप्ट आहे. रॅमचा खण एकच आहे, पुढेमागे वाढवायची झाली तर डीडीआर३एल घ्या, साधी डीडीआर३ नको.

टंकलेखिका_नागपूर

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, माफ करा. लॅटिट्यूड रिसेट केला आणि खरंच एका कंपनीचं नाव आलं. ‘होऊन जाते मॅडम, उद्या या,’ म्हणाले. मी बाजूचाच एक्स२५० मागितला. आतली बॅटरी निम्म्याच्या वर, मागची जवळपास खलास. त्यावर घासाघीस करून १०,२०० ला आणला. मागची नवी घेतली, आता किटलीशी माझं भांडण नाही. मिंट भाच्याने टाकून दिलं. मिंटवर केलेली फाइल दुसरीकडे वर्डमध्ये उघडली की लीगल कागदावरच्या ओळी सरकतात, म्हणून झेरॉक्सवाल्याकडे पीडीएफच नेते.

पण एक गोष्ट तुम्ही दोघांनीही सांगितली नाही. याचा कीबोर्ड विलायती आहे! ३ च्या डोक्यावर पौंडाची खूण. मी म्हटलं असू दे, मी कुठे बटणांकडे पाहते? खरी गंमत डाव्या शिफ्टची. ती अर्धीच आहे, उरलेल्या जागेत एक जास्तीचं बटण, आणि माझी करंगळी नेमकी त्याच्यावर पडते. इनस्क्रिप्टमध्ये ख, घ, झ, ध सगळे शिफ्टवर. त्यामुळे पहिल्याच दिवशी ‘करेदीकत’ झालं. ‘घर क्रमांक’चा ‘गर क्रमांक’. शेतीच्या दस्तात ‘आंब्याची दोन जाडे’. साहेब चष्मा काढून म्हणाले, बाई, संत्र्याची बारीक आहेत का?

वीस वर्षांची बोटं आहेत, ती आता काय बदलणार.

पुदिना

चूक कबूल, कीबोर्ड विचारायला हवा होता. पण बोटं नका बदलू, बटण बदला. लिनक्समध्ये त्या जास्तीच्या बटणाचा कीकोड (बटणाचा नंबर) ९४ असतो. एक्समॉडमॅप नावाच्या कमांडने त्यालाच डावी शिफ्ट करून टाका. भाच्याला एवढंच सांगा, त्याला कळेल. इंग्रजी आणि मराठी दोन्ही लेआउटमध्ये तपासून घ्या म्हणावं, कधीकधी एकातच लागू होतं.

बर्डीचा_भाऊ

अन् मे महिन्यात कूलरच्या झोतात नका ठेवू. कूलरची हवा ओली राहते. गादीवर, उशीवरबी नको, हवा घ्यायची जाळी खाली आहे. ४५ डिग्रीत पंखा बोंबलनच, बोंबलू द्या. जाळीतली धूळ मात्र उन्हाळ्याच्या आधी काढून घ्या.

टंकलेखिका_नागपूर

भाच्याला दहा मिनिटं लागली. मराठीत आधी चाललं नाही, मग चाललं. आज सकाळी ‘खरेदीखत’ पहिल्या फटक्यात उमटलं, साहेबांना मुद्दाम बोलावून दाखवलं.

बर्डीचा_भाऊ

वा! तो लॅटिट्यूड गेला का मंग?

टंकलेखिका_नागपूर

काल तिथूनच आले. काचेतच आहे अजून. आता १५,५०० म्हणतात.